अभयदानाचे मोल

भारतीय संविधानाच्या ५१-क या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितलेली आहेत; आणि १९७६ साली बेचाळिसाव्या दुरुस्तीने घातलेल्या त्या अनुच्छेदाच्या एकाच खंडात वने, सरोवरे, नद्या व वन्य जीव यांसह नैसर्गिक पर्यावरणाचे रक्षण करणे आणि प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी बाळगणे, ही दोन कर्तव्ये एका दमात उच्चारलेली आहेत. वाचणाऱ्यास सहज वाटावे की ही दोन्ही मुळात एकच. ज्याच्या अंतःकरणात दया आहे तो अरण्याचे रक्षण करीलच आणि जो अरण्य राखतो तो दयाळू असणारच. परंतु सातपुड्याच्या दक्षिण उतारावर आणि त्याखाली पूर्णा नदीच्या काळ्या खोऱ्यात, म्हणजे अमरावती व अकोला या दोन जिल्ह्यांत, ही दोन कर्तव्ये एकमेकांपासून इतक्या वेळा फारकत घेताना दिसतात, आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला तिसरा माणूस, मग तो कोरकू असो, पारधी असो की तुरीच्या शेतात जागल करणारा कास्तकार असो, इतक्या वेळा मुकाट्याने त्यांचा भार वाहताना आढळतो, की या प्रश्नाचा विचार धर्मदृष्टीने एकदा मुळापासून केला पाहिजे असे मला तीव्रतेने वाटते.

मी धर्मदृष्टीने म्हणतो, कारण मुक्या जीवाला निर्भय करणे याला आपल्या परंपरेने अभयदान असे नाव देऊन ते दानाच्या प्रकरणात घातले आहे. जैन आचार्यांनी आहार, औषध व शास्त्र यांच्या जोडीला अभय हे दान मानले, आणि पुराणांनी तर सर्व दानांत त्याची थोरवी गायिली. आता दान म्हटले की त्याला धर्मशास्त्राचे नियम लागू होतात. निबंधकारांनी दानाची व्याख्या करताना फार नेमकेपणाने सांगितले आहे की एखाद्या वस्तूवरील आपले स्वत्व निवृत्त करून तेथे दुसऱ्याचे स्वत्व उत्पन्न करणे म्हणजे दान. म्हणून जे आपले नाही त्याचे दान होऊ शकत नाही, आणि देताना दात्याच्या पदरचे काहीच कमी झाले नसेल तर त्याने दान केले असे शास्त्र म्हणणार नाही. अन्नदान करणाऱ्याच्या कोठारातील धान्य कमी होते, भूदान करणाऱ्याच्या सातबाऱ्यावरील क्षेत्र कमी होते. मग अभय देणाऱ्याचे काय कमी होते? हा प्रश्न विचारल्यावाचून दयेची थोरवी गाणे मला अपुरे वाटते.

या मुलखात या विचाराची परंपरा फार जुनी आहे. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे परमपवित्र क्षेत्र. गोविंदप्रभूंचे वास्तव्य तेथे झाले, आणि पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी यांच्या प्रयाणानंतर त्यांच्या आठवणींनी व्याकूळ झालेल्या शिष्यांमधून म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात लीळाचरित्र सिद्ध केले तेही तेथेच. आपल्या हातून मुंगीलाही वैधव्य येऊ नये अशी शिकवण ज्या महापुरुषाने दिली, त्याच्या चरित्रातील सशाची लीळा सर्वांना ठाऊक आहे: पारध्यांनी कुत्री सोडून पाठलाग केलेला एक ससा जिवाच्या आकांताने धावत येऊन बसलेल्या स्वामींच्या गुडघ्याखाली लपला, पारध्यांनी तो मागितला, आणि शरण आलेल्यास देता येत नाही म्हणून स्वामींनी तो दिला नाही. या लीळेत मला दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या वाटतात. एक अशी की ससा जेथे लपला ते स्थान स्वामींचे स्वतःचे शरीर होते. आश्रय देणारा आणि त्या आश्रयाचा धोका पत्करणारा असे दोन इसम तेथे नव्हते. दुसरी अशी की स्वामी पारध्यांशी बोलले. त्यांना हाकलून दिले नाही, त्यांना पापी ठरवून तोंड फिरविले नाही, आणि आपल्या नकाराचे कारण त्यांना समोरासमोर सांगितले.

मात्र सशाच्या बाबतीत न्याय सोपा आहे, हेही मान्य केले पाहिजे. ससा रानातले गवत खातो, झऱ्याचे पाणी पितो, कोणाच्या ताटात तोंड घालीत नाही. त्याच्या निरपराधपणानेच त्याची बाजू सिद्ध होते. अहिंसेचा पुष्कळसा उपदेश या निरपराधपणावर उभारलेला आहे, आणि तेवढ्यानेच वऱ्हाडातील कास्तकारापुढे तो अपुरा पडतो. कारण त्याच्यापुढे ससा नाही. त्याच्यापुढे रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप आहे. मृग निघाला की पेरणी करावी, रोप वीतभर वर यावे आणि एका रात्रीत पाच-दहा रोह्यांनी तास धरून ते खुडून न्यावे. हरभरा घाट्यावर यावा आणि रानडुकरांनी वावर नांगरल्यासारखे उकरून टाकावे. पुढे महसूल खात्याच्या व जंगल खात्याच्या दारी अर्ज घेऊन उभे राहावे, पंचनाम्याची वाट पाहावी आणि मिळेल ती नुकसानभरपाई मुकाट्याने घ्यावी, हा अनुभव अकोट-तेल्हाऱ्यापासून चांदूर रेल्वेपर्यंत कोणत्याही गावी ऐकावयास मिळतो. रात्रीची जागल, फटाके, कुंपणाला बांधलेल्या जुन्या साड्या, अलीकडे झटका मशीन, असे सगळे उपाय करून थकलेला मनुष्य जेव्हा तारेत घातक वीजप्रवाह सोडतो तेव्हा त्याचे कृत्य निंद्यच ठरते, आणि त्या तारेने माणसेही मेली आहेत. परंतु त्या कृत्यापर्यंत त्याला कोणी एकटे चालत जाऊ दिले, हेही धर्माने विचारले पाहिजे.

या संदर्भात कायद्यातील एक विसंगती मला फार बोधप्रद वाटते. इंग्रजी अमदानीत १८७१ साली गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा झाला आणि गावोगावी कोंडवाडे उभे राहिले. ज्याचे ढोर दुसऱ्याच्या पिकात शिरेल त्याने दंड भरून ते सोडवून न्यावे, असा त्या कायद्याचा साधा न्याय होता, आणि वऱ्हाडच्या पाटलांनी व रयतेने तो आपला मानला, कारण ज्याचे जनावर त्याची भरपाई ही गोष्ट मुळातच त्यांच्या मनात होती. पुढे १९७२ साली वन्य जीव संरक्षणाचा कायदा आला, आणि त्यात अशी तरतूद झाली की शिकार झालेले अथवा मृतावस्थेत सापडलेले वन्य जनावर ही राज्यशासनाची मालमत्ता होय. म्हणजे रोही मेल्यावर सरकारचा. जिवंतपणी तुरीच्या शेतात चरत असताना तो कोणाचा, याचे उत्तर मात्र तेवढ्या स्पष्टपणे दिले गेलेले नाही. पिकाची नासाडी करणाऱ्या रोह्यांना व रानडुकरांना परवान्याने मारण्याची मुभा शासनाने २०१५ साली दिली, पण ती मुभा म्हणजे या प्रश्नाचे उत्तर नव्हे. रक्षणाचा भार शेतकऱ्याच्या खांद्यावर होता, आता त्याच्या जोडीला वधाचे पापही त्याच्याच माथी ठेवले गेले, एवढाच तिचा धर्मदृष्ट्या अर्थ होतो.

महाभारतातील शिबिराजाची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो, आणि म्हणूनच कदाचित तिच्यातील ससाण्याचे म्हणणे आपल्या कानावरून निसटून जाते. कपोत शरण आला, राजाने त्याला अभय दिले, येथे कथा संपली असती तर ती सशाच्या लीळेसारखी निरपराध्याच्या रक्षणाची कथा झाली असती. परंतु कथाकाराने ससाण्याला वाचा दिली, आणि ससाण्याने तक्रार केली की राजा, हे तुझे अभय माझ्या तोंडचा घास काढून दिलेले आहे. मी मेलो तर माझी पिलेही मरतील, आणि एका धर्माच्या आड येणारा धर्म तो धर्मच नव्हे. राजाने हे म्हणणे खोडून काढले नाही; त्याने ते मान्य केले. तराजू आणविला, आणि कपोताच्या वजनाइतके मांस आपल्या मांडीचे कापून एका पारड्यात घातले. ते पुरेना तेव्हा अखेर स्वतः त्या पारड्यात चढला. कोशागारातून द्रव्य देऊन, अथवा एखाद्या प्रजाजनाच्या कळपातील बोकड मागवून ससाण्याची भूक भागविता आली असती. प्रजेच्या धनावर राजाचा अधिकार तर होताच. त्याने तसे केले नाही, आणि या एका गोष्टीपायीच त्याच्या अभयवचनाला दानाची प्रतिष्ठा प्राप्त झाली असे मी समजतो.

ज्याला ही कथा पुराणातील म्हणून सोडून द्यावीशी वाटेल त्याने आपल्याच मुलखातील गाडगेबाबांकडे पाहावे. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेणगावी परीट कुळात जन्मलेला हा डेबू, वडील व्यसनापायी अकाली गेल्यामुळे मूर्तिजापूर तालुक्यातील दापुऱ्यास आजोळी वाढला, आणि त्याचे पहिले सोबती ढोरे व बैल हेच होते. मामाच्या घरची गुरे राखण्यात, त्यांची दावणी झाडण्यात, पुढे नांगरामागे चालण्यात त्याची पुष्कळ वर्षे गेली. जनावराचे दुःख त्याने ग्रंथात वाचले नव्हते. त्या काळच्या त्याच्या समाजात घरी मूल जन्मले की भाऊबंदांना दारू व मटणाचे जेवण घालण्याचा रिवाज होता, आणि तो मोडणारा मनुष्य जातीबाहेर फेकला जाण्याचे भय खरे होते. डेबूने आपल्या पहिल्या मुलीच्या बारशाला बोकड कापला नाही; गोड जेवण घातले, आणि भाऊबंदांचा रोष अंगावर घेतला. पुढे १९०५ साली घरदार सोडून, अंगावर चिंध्या व हाती मडक्याचा फुटका तुकडा घेऊन तो गावोगाव फिरू लागला, देवाच्या नावाने मुक्या प्राण्यांचे गळे कापणाऱ्या यात्रेकरूंना कीर्तनातून वऱ्हाडी बोलीत प्रश्न विचारू लागला, तेव्हा त्या प्रश्नांचा मारा लोकांनी सहन केला, याचे कारण त्या माणसाने बोकडाच्या जिवाचे मोल प्रथम आपल्या घरच्या पंगतीत मोजलेले होते हे सर्वांना ठाऊक होते.

बाबांच्या चरित्रातील धर्मशाळा, सदावर्ते, पूर्णेकाठी ऋणमोचनचा घाट, पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा यांचे वर्णन पुष्कळ झाले आहे. मला येथे मूर्तिजापूरच्या गोरक्षणाकडे लक्ष वेधावयाचे आहे. निरुपयोगी झालेली, लंगडी, म्हातारी गुरे तेथे सांभाळली जावीत म्हणून बाबांनी जे कष्ट केले त्यात कडब्याची व्यवस्था होती, झाडलोट होती, पैसा मागून आणणे होते, आणि त्या पैशातील एक कवडीही आपल्या बायकामुलांकडे जाऊ न देण्याचा कठोर निर्धार होता. जनावरास जगू द्या असे सांगून ते पुढच्या गावी निघून गेले नाहीत. जगविण्याचा खर्च कोठून यावयाचा हेही त्यांनी स्वतःच पाहिले. त्यांच्या शिकवणीच्या ज्या दहा कलमांची यादी आज ठिकठिकाणी भिंतींवर लिहिलेली दिसते, तीत भुकेल्याला अन्न व बेकाराला रोजगार देण्याच्या गोष्टींबरोबरच मुक्या प्राण्यांना अभय देण्याचेही कलम आहे. आणि ते त्याच यादीत आहे, वेगळ्या यादीत नाही, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. ज्या माणसाने भुकेल्याची भूक व बोकडाचे भय एकाच पानावर लिहिले त्याला यांतील एकाचे मोल दुसऱ्याकडून वसूल करणे कधीच मान्य झाले नसते. २० डिसेंबर १९५६ रोजी वलगावजवळ पेढी नदीच्या काठी बाबांचा देह पडला. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, आणि तेथे पदवी घेणारे विद्यार्थी आज पर्यावरणाच्या अनिवार्य विषयात जैवविविधता, अधिवास, परिसंस्था, भ्रमणमार्ग असे शब्द शिकतात. हे शब्द आवश्यक आहेत, त्यांच्यावाचून आजच्या अरण्याचा विचारच करता येणार नाही. माझी एवढीच इच्छा आहे की ज्याच्या नावाच्या विद्यापीठात ते शिकविले जातात त्याचा तो जुना हिशेबही त्यांच्या शेजारी शिकविला जावा.

बैलाचे उदाहरण अधिकच जवळचे आहे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी वऱ्हाडात बैलाचे खांदे हळद-लोण्याने मळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण त्याला मानाने देतात. वर्षभर ज्या मानेवर जू ठेवले तिची ही क्षमायाचना आहे, आणि कास्तकाराच्या अंतःकरणातील कृतज्ञता किती खरी आहे हे ज्याने तो विधी पाहिला त्याला सांगावे लागत नाही. महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणिरक्षण कायद्याची २०१५ साली दुरुस्ती होऊन बैल व वळू यांच्याही वधास बंदी झाली, त्या वेळी अनेक सत्प्रवृत्त माणसांना धन्यता वाटली, आणि त्यांच्या भावनेविषयी मला आदरच आहे. परंतु म्हातारा बैल विकून आलेल्या पैशात थोडी भर घालून नवी जोडी घेणारा जो कोरडवाहू शेतकरी, त्याच्या दावणीला ते अभय बांधले गेले. कडबा महाग, पाणी विकत, आणि दुष्काळात माणसांचीच आबाळ. अभय देणारे शहरात राहिले आणि त्याची वैरण मात्र खारपाणपट्ट्यातील एका घराने घालावयाची, ही विभागणी धर्मशास्त्राच्या कोणत्याही कसोटीला उतरत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी ग्रामगीतेत गोवंश-सुधारावर स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि तो गावाचे आरोग्य, गावाची गरिबी यांच्या विचाराच्या ओघातच लिहिला, हे येथे लक्षात घ्यावे. बैलाला जगवावयाचे असेल तर गावाने चराईचे गायरान राखले पाहिजे, वैरण साठविली पाहिजे, वासराची अवलाद सुधारली पाहिजे. हे जो करीत नाही त्याने दुसऱ्याच्या गोठ्याकडे बोट दाखवून भक्ती सांगू नये, असेच त्या विचाराचे तात्पर्य मला दिसते.

आणि आता मेळघाट. फेब्रुवारी १९७४ मध्ये, देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक म्हणून, चिखलदरा व धारणी तालुक्यांतील या सागवानी डोंगराळ प्रदेशाची निवड झाली. आज त्याचे एकूण क्षेत्र २,७०० चौरस किलोमीटरहून अधिक आहे, सिपना, गडगा, डोलार, खापरा, खंडू या नद्या त्यातून वाहून तापीला मिळतात, आणि शास्त्रज्ञांनी नामशेष समजलेला रानपिंगळा १९९७ साली खानदेशात पुन्हा आढळल्यावर त्याचा मोठा आश्रय याच जंगलात असल्याचे दिसून आले. या अरण्याचे मोल मी कमी लेखीत नाही. वऱ्हाडच्या मैदानातील विहिरींना येणारे पाणी या डोंगरांनी अडविलेले पाणी आहे, आणि वाघ नसता तर हे जंगल इमारती लाकडाच्या व रस्त्यांच्या मागणीपुढे कितपत टिकले असते, याची मला शंका आहे.

पण त्या जंगलात कोरकू राहत होते व राहतात. वाघाशी त्यांचे नाते कोणत्याही अधिसूचनेपेक्षा जुने आहे: ते त्याला कुला मामा म्हणतात, गावाच्या शिवेवर वाघदेवाचे ठाणे असते, गावाच्या मध्यावर मुठवा या ग्रामदेवाचे दगड असतात, आणि पितरांच्या स्मरणार्थ सूर्य-चंद्र कोरलेले लाकडी मुंडे झाडाखाली उभे केलेले असतात. वाघाने ढोर मारले तर कोरकू शोक करतो, चिडतो, पण ज्याला आपण मामा म्हटले त्याच्या हद्दीत आपण राहतो याची जाण तो सोडीत नाही. या शतकाच्या आरंभी बोरी, कोहा व कुंड ही गावे जंगलाबाहेर आली. पुढे एकामागून एक आणखी गावे उठली, त्यांतील बरीच अकोला जिल्ह्यात अकोट-तेल्हाऱ्याच्या मैदानात वसविली गेली, आणि २००८ साली दर कुटुंबाला १० लाख रुपयांचे मोल ठरले. काही कुटुंबांना शाळा, दवाखाना, वीज यांची सोय लाभली हे खरे, आणि ती त्यांनी स्वखुशीने स्वीकारली हेही खरे. काहींची रक्कम हातात येऊन संपली, शेत मिळाले नाही, आणि मोहफुले, चारोळी, तेंदूपान यांच्या आधाराने चाललेला संसार मजुरीवर आला. त्यांतील काहीजण जानेवारी २०१९ मध्ये जंगलातील आपल्या जुन्या गावठाणांकडे परतले, आणि वनखात्याचे व पोलिसांचे लोक व ते यांच्यात जो हिंसक संघर्ष झाला त्यात दोन्हीकडची माणसे जखमी झाली. जखमी वनरक्षकही याच मुलखातील गरीब घरचा मुलगा असतो, हे मी विसरत नाही. वाघाला अभय देण्याचा ठराव ज्या दूरच्या सभागृहांत झाला तेथील कोणालाही त्या दिवशी खरचटलेसुद्धा नाही.

येथे अशोकाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. या सम्राटाने आपल्या पहिल्या शिलालेखात प्रांजळपणे कोरून ठेवले की पूर्वी माझ्या पाकशाळेत रसासाठी रोज लाखो प्राणी मारले जात, आता दोन मोर व एक हरीण एवढेच मारले जाते, तेही हरीण नित्य नाही, आणि पुढे हे तिन्हीही मारले जाणार नाहीत. म्हणजे त्याने आरंभ स्वतःच्या ताटापासून केला. राज्याभिषेकानंतर सव्विसाव्या वर्षी स्तंभलेखात त्याने पोपट, मैना, चक्रवाक, वटवाघूळ, कासव, साळिंदर अशा कितीतरी जीवांची नावे घेऊन त्यांना अवध्य ठरविले. परंतु याच सम्राटाच्या तेराव्या शिलालेखात, कलिंगाच्या पश्चात्तापाच्या त्या हृदयद्रावक लेखात, राज्यातील अटवीच्या म्हणजे अरण्यवासी लोकांना उद्देशून एक इशारा आहे: राजा त्यांचा अनुनय करतो, पण पश्चात्ताप झाला असला तरी त्याच्या अंगी सामर्थ्य आहे, हे त्यांनी ध्यानात ठेवावे आणि मारले जाण्याची वेळ आणू नये. साळिंदराला अभय आणि अटवीला ताकीद, हे दोन्ही एकाच थोर अंतःकरणातून निघाले. अशोकासारख्या पुरुषाच्या दयेलाही जेथे कुंपण पडले ती जागा अरण्याच्या सीमेवरच होती, ही गोष्ट आम्हा सर्वांना अंतर्मुख करणारी आहे.

यावर एक गंभीर आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. आक्षेप असा की, दानाचा विचार व्यक्तीव्यक्तींमध्ये लागू पडतो; पण वाघ ही जाती आहे, अरण्य ही व्यवस्था आहे, आणि ज्याला मोल मोजावे लागते त्या प्रत्येकाची संमती घेत बसलो तर संमती मिळण्यापूर्वीच वाघ नाहीसा होईल. पाश्चात्त्य विचारवंतांतही हा तंटा आहे. बेंथमने १७८९ साली असे मांडले की प्राण्याला बुद्धी वा वाणी आहे की नाही हे गौण, त्याला वेदना होते की नाही एवढेच पाहावे. म्हणजे त्याची दृष्टी एकेका जीवावर होती. आल्डो लिओपोल्डच्या १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथाने माती, पाणी, वनस्पती व प्राणी यांचा अखंड समुदाय हाच नीतीचा विषय मानला, आणि त्या समुदायाच्या स्वास्थ्यासाठी एकेका हरणाचे मरण त्याला क्षम्य वाटले. आक्षेपाचा पूर्वार्ध मला मान्य आहे: लुप्त झालेली जाती परत येत नाही, आणि काही निर्णय संमतीची वाट न पाहता घ्यावे लागतात. परंतु त्यातून भार कोणी वाहावा हे ठरत नाही. निर्णय तातडीचा होता म्हणून त्याचे मोल सर्वांत दुर्बळ माणसानेच मोजले पाहिजे, असे कोणत्याही तर्काने निघत नाही. उलट जो निर्णय सर्वांच्या कल्याणासाठी म्हणून घेतला, त्याचे मोल सर्वांनी आणि ज्याच्यापाशी अधिक आहे त्याने अधिक मोजावे, हेच निघते. विस्थापित कोरकूला जमिनीसाठी अर्ज करीत फिरावे लागते तोवर आपण वाघाला अभय दिले असे म्हणण्याचा अधिकार अमरावती-अकोल्याच्या नागरिकांना, आणि त्यांत मीही आलो, प्राप्त झालेला नाही.

आपल्या सीमेलगतच्या मुक्तागिरीची एक आख्यायिका येथे सांगावीशी वाटते. परतवाड्याहून थोड्याच अंतरावर, आज बैतूल जिल्ह्यात मोडणाऱ्या या जैन सिद्धक्षेत्राला मेंढागिरी असेही म्हणतात. डोंगरावरून कोसळून एक मेंढा ध्यानस्थ मुनींसमोर पडला, मरणोन्मुख अवस्थेत मुनींनी त्याच्या कानी णमोकार मंत्र सांगितला, आणि तो देवगतीला गेला, अशी श्रद्धा आहे. मेंढा येथे केवळ वाचविण्याची वस्तू नाही. मंत्र ऐकण्याचा त्याचा अधिकार मान्य झालेला आहे. जी परंपरा मरणाऱ्या मेंढ्याच्या कानाशी इतक्या आदराने वाकते तिने जिवंत माणसाचे म्हणणे ऐकण्यास किती वाकावे, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि ते ऐकले गेल्यावर काय होते, याचीही उदाहरणे याच मुलखात आहेत. फासेपारध्यांवर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, १९५२ साली तो कागदोपत्री पुसला गेला, पण १९७२ च्या कायद्याने तितर-बटेर धरण्याचा त्यांचा पिढीजात धंदाच गुन्हा ठरला, आणि त्याच्या जागी दुसरे काहीच दिले गेले नाही. अशा स्थितीत अकोला-वाशीम भागातील काही पारधी बेड्यांनी माळरानाचे गवत राखण्याचे आणि दुर्मिळ होत चाललेल्या तणमोराला जपण्याचे काम अंगावर घेतले आहे. पक्षी कोठे बसतो, केव्हा उडतो, कोणत्या गवतात अंडी घालतो ही त्यांची फाशाची विद्या तेथे रक्षणाची विद्या झाली. ज्यांचा घास गेला तेच रक्षक झाले आणि त्यांच्याशी बसून बोलणारे कोणी भेटले म्हणून झाले. अचलपूर तालुक्यातील पायविहीर हे कोरकूंची मोठी वस्ती असलेले गाव; त्याला २०१२ साली वनहक्क कायद्याखाली १९३ हेक्टर उजाड जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. गावाने मोकाट चराई बंद केली, झाडे लावली व जगविली, सीताफळांची विक्री स्वतः हाती घेतली, आणि २०१४ साली जैवविविधतेचा राष्ट्रीय पुरस्कार त्या गावाकडे आला. तेथे जंगलाचे स्वत्व गावाचे असल्यामुळे गाव ते वन्य जीवांसाठी काही अंशी सोडून देऊ शकते, आणि धर्मशास्त्राच्या नेमक्या अर्थाने ते दान ठरते. पुनर्वसनाच्या जागी जमिनीची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना, आणि तुरीच्या राखणीसाठी रात्र जागणाऱ्या कास्तकारांना, असे काही आपले म्हणून द्यावयास कधी मिळेल, हे मेळघाटच्या पुढच्या आराखड्यात प्रथम लिहिले जावे अशी माझी मागणी आहे, आणि त्या आराखड्याचा खर्च महानगरांच्या तिजोरीतून वसूल व्हावा.